आठ रंग, जाड कागद आणि टोकदार ब्रश
भिलाईतील घरे, मुले आणि चित्रांचे साहित्य

मुलांच्या घरच्या चित्रकलेला चार गोष्टी लागतात: कागद, रंग, ब्रश आणि ते मांडून बसायला जागा. या चारही गोष्टींचा दर्जा चित्रात थेट उतरतो. पातळ कागदावर ओला रंग लावला की कागद फुगतो आणि दुसऱ्यांदा ब्रश फिरवताच त्याच्या सुरळ्या निघतात. रंगात खडूची भर जास्त असली तर पिवळ्यात निळा मिसळूनही हिरवा उजळत नाही, राखट डाग तेवढा उरतो. केस फाकलेल्या ब्रशने कुंपणाची एक काडीही नीट निघत नाही. मोठ्या माणसाला यात साहित्याचा दोष लगेच कळतो. सहा वर्षांच्या मुलाला तो कळत नाही. चित्र बिघडले ते आपल्या हातामुळेच, असे ते धरून चालते. हे वारंवार घडले की "मला चित्र येत नाही" असे ते सांगू लागते आणि पुढे आयुष्यभर तेच सांगत राहते.

म्हणूनच दर्जेदार साहित्याची गरज सरावलेल्या चित्रकारापेक्षा मुलाला अधिक असते. सरावलेला हात वाईट रंगालाही वळण लावतो, नवखा हात ते करू शकत नाही. मात्र दर्जेदार म्हणजे महाग नव्हे. अठ्ठेचाळीस छटांच्या फिक्या खोक्यापेक्षा आठ ठसठशीत रंग, पन्नास पातळ पानांच्या वहीपेक्षा वीस जाड कागद आणि सहा ब्रशच्या संचापेक्षा एक टोकदार ब्रश मुलाला जास्त उपयोगी पडतो. खर्च बहुधा तेवढाच राहतो, फक्त तो थोड्या वस्तूंवर होतो.

भिलाईची पार्श्वभूमी

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून इथला कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत वाढली आणि देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे इथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि हावडा-मुंबई लोहमार्गाने गोंदिया, नागपूर, वर्धा ही गावे दुर्ग-भिलाईला जोडलेलीच होती. त्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज इथे वाढते आहे.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे शाळकरी वयातच अनेकांच्या हाती स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र येते. परीक्षेच्या निमित्ताने का होईना, घरात रंगांची पेटी आणि चित्रकलेचे कागद येतात. भिलाईच्या मुलांपुढे ही रुळलेली वाट नसते. शहराचा लौकिक अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी आहे आणि शाळेच्या वरच्या वर्गांत चित्रकलेचा तास मागे पडतो. त्यामुळे चित्रकला टिकायची असेल तर ती घरात टिकवावी लागते.

शहरात आणि आसपास मात्र चित्रकलेचे वातावरण आहे. सिव्हिक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी आहे आणि तिथली प्रदर्शने मुलांना सहज दाखवता येतात. खैरागढ येथे १९५६ मध्ये स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा त्यासाठी दिला आणि दिवंगत राजकन्येचे नाव विद्यापीठाला लाभले. तिथे संगीताबरोबर चित्रकला, शिल्पकला आणि मुद्राचित्रणही शिकवले जाते. मुलाने कागदावर रंग लावावा आणि मोठ्यांनी लावलेला रंग भिंतीवर जवळून पाहावा, या दोन्ही गोष्टी भिलाईत शक्य आहेत.

मुलांसाठी घडलेला रंग

मुलाच्या चित्राला स्वतःचे मोल आहे, हा विचार फार जुना नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांचा चित्रवर्ग सुरू केला. नमुना समोर ठेवून नक्कल करवून घेण्याऐवजी मुलांनी मनातले काढावे, असा त्यांचा आग्रह होता. जपानमध्ये हाच विचार यामामोतो कानाए या चित्रकाराने नेला. युरोपातून परतताना १९१६ मध्ये मॉस्कोत त्यांनी मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन पाहिले. जपानी शाळांत तेव्हा मुले पुस्तकातली चित्रे गिरवत असत. यामामोतोंनी मुक्तचित्रांची चळवळ सुरू केली आणि १९१९ मध्ये नागानो प्रांतातील एका शाळेत मुलांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरवले.

या चळवळीपुढे लवकरच साहित्याची अडचण उभी राहिली. तेव्हाचे मेणाचे खडू कडक होते. त्यांनी रेघ ओढता येई, पण रंग दाट बसत नसे आणि एकात एक मिसळतही नसे. खडूसारखे कोरडे पेस्टल मिसळत, पण कागदावरून झडत. ही अडचण ओळखून ओसाकाच्या साकुरा कंपनीने रंगद्रव्य, मेण आणि तेल एकत्र आणून १९२५ मध्ये ‘क्रे-पास’ बाजारात आणले. हेच पहिले ऑइल पेस्टल. प्रौढ चित्रकारांसाठी याच जातीचा उंची रंग पॅरिसच्या सेनेलिए यांनी १९४९ मध्ये पिकासोच्या मागणीवरून तयार केला. म्हणजे चांगला रंग आधी मुलांच्या हाती आला आणि नंतर मोठ्यांनी तो मागून घेतला. आज भिलाईच्या कोणत्याही स्टेशनरी दुकानात मिळणाऱ्या ऑइल पेस्टलच्या खोक्यामागे हा इतिहास आहे.

भारतात मुलांच्या कलेवर सखोल काम झाले ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवीप्रसाद १९४४ ते १९६२ या काळात नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या शाळेत कलाशिक्षक होते. त्या अनुभवावर त्यांनी मुलांची कला आणि शिक्षण यांविषयी हिंदीत आणि इंग्रजीत ग्रंथ लिहिले. कला हा शिक्षणाचा पाया आहे, ही त्यांची मांडणी होती.

मराठी घरांतला रंग बहुधा ‘कॅमल’चा असतो. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून हा उद्योग सुरू केला. पुढे सुभाष दांडेकरांच्या काळात ‘कॅमलिन’ने कलासाहित्यात मोठे नाव मिळवले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. सुभाष दांडेकर २०२४ मध्ये निवर्तले. क्रिमसन लेक, गॅम्बोज, प्रशियन ब्ल्यू, व्हिरिडियन ही नावे भारतातल्या कित्येक पिढ्या या ट्यूबांच्या चिठ्ठ्यांवरून शिकल्या.

कागद

खर्चाची विभागणी करायची झाली तर पहिला मान कागदाला द्यावा. साधा रंग चांगल्या कागदावर खुलतो, उलट चांगला रंग वाईट कागदावर मरतो. कागदाची जाडी एका चौरस मीटरच्या वजनावरून मोजतात आणि ती पाकिटावर ‘जीएसएम’ म्हणून छापलेली असते. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. पेन्सिल आणि स्केचपेनला तो पुरतो. ऑइल पेस्टल आणि पोस्टर कलरसाठी १२० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद हवा. जलरंगांना २०० जीएसएमपेक्षा जाड कागद लागतो आणि ३०० जीएसएमचा कागद पाणी सोसूनही जवळजवळ सपाट राहतो.

फरक पाहायचा तर एकच प्रयोग पुरे. झेरॉक्सच्या कागदावर आणि जाड जलरंग कागदावर आधी साधे पाणी फिरवावे आणि ओल्यातच निळ्या रंगाचा एक थेंब सोडावा. पातळ कागद पाणी लगेच पितो, थेंबाच्या जागी कडक कडेचा डाग पडतो आणि काही क्षणांत कागदाला लाटा येतात. जाड कागदावर पाणी वर तरंगत राहते, निळा हळूहळू पसरतो, त्याची कड विरत जाते आणि आभाळ आपोआप तयार होते. असा रंग पसरताना पाहिलेले मूल दुसरा थेंब सोडल्याशिवाय राहत नाही.

आकारही महत्त्वाचा. लहान मूल खांद्यापासून हात हलवते, त्याला ए-४ कागद अपुरा पडतो. कार्ट्रिज कागदाचे मोठे ताव घेऊन त्यांचे दोन किंवा चार भाग करणे सोयीचे आणि स्वस्त पडते. हातकागदही चालतो, त्याचा खरखरीत पोत ऑइल पेस्टलला छान धरतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून असा कागद बनवते आहे. जलरंगासाठी मात्र हातकागद निवडताना एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब चटकन जिरला तर त्या कागदावर रंग फुटणार, हे समजावे.

रंग

प्रत्येक रंगात दोन मुख्य घटक असतात: रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारे बंधक. जलरंगात बंधक म्हणून डिंक असतो, मेणखडूत मेण, ऑइल पेस्टलमध्ये मेण व तेल आणि ॲक्रिलिकमध्ये प्लॅस्टिकचा पातळ द्रव. स्वस्त रंगात रंगद्रव्य कमी असते आणि खडू किंवा चिनी मातीची भर जास्त. अशा रंगाने एकदा गिरवून भागत नाही, मुलाला तोच भाग पुन्हा पुन्हा घासावा लागतो. हात दुखतो, कागद फाटतो आणि रंग फिकाच राहतो.

रंगांची संख्या कमी ठेवण्याचे कारण मिश्रणात आहे. लेमन यलो आणि गॅम्बोज हे दोन पिवळे, स्कार्लेट आणि क्रिमसन हे दोन लाल, अल्ट्रामरीन आणि प्रशियन हे दोन निळे, एक पांढरा आणि एक बर्न्ट सिएना एवढ्या आठ रंगांत बहुतेक सारे जग बसते. पिवळा, लाल आणि निळा यांच्या दोन-दोन जाती लागतात, कारण हिरव्याला आणि जांभळ्याला एकच निळा चालत नाही. लेमन यलोत प्रशियन मिसळला की पोपटी हिरवा लखलखतो. स्कार्लेटमध्ये प्रशियन मिसळला तर तपकिरी चिखल होतो. क्रिमसनमध्ये अल्ट्रामरीन मिसळला की मात्र जांभळा उतरतो. अठ्ठेचाळीस छटांच्या खोक्यात हे सारे आधीच तयार असते, म्हणून मुलाला ते शोधावे लागत नाही. आठ रंगांच्या ताटलीत ते रोज नवे सापडते. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन घालून येणारा करडा काळा एकदा मुलाच्या हाती लागला की ट्यूबमधल्या काळ्याची उणीव त्याला भासत नाही.

या आठांतल्या बर्न्ट सिएनाचे भिलाईशी जवळचे नाते आहे. बर्न्ट सिएना, यलो ओकर, इंडियन रेड आणि घरचा गेरू हे सारे लोहाच्या संयुगांमुळे रंगलेले आहेत. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज मुख्यतः मिळत आले ते बालोद जिल्ह्यातील दल्ली-राजहरा खाणींतून, आणि ते आहे हेमटाइट, म्हणजे लाल लोह ऑक्साइड. ज्या द्रव्याने गुहांच्या भिंती रंगल्या, ज्याने अंगणातला तुळशीवृंदावनाचा कट्टा सारवतात आणि ज्याचे पोलाद होते, तेच द्रव्य मुलाच्या ताटलीत तपकिरी वडीच्या रूपात असते. हे रंगद्रव्य उन्हात उडत नाही. शाळेतल्या विज्ञानाला आणि चित्रकलेला जोडणारा याहून जवळचा धागा या शहरातल्या मुलाला दुसरा मिळणार नाही.

ब्रश

मुलाला दोन ब्रश पुरतात: आठ किंवा दहा नंबरचा एक गोल आणि अर्धा इंचाचा एक चपटा. गोल ब्रश विकत घेताना पाण्यात बुडवून झटकावा. केस आपोआप एकत्र येऊन टोक तयार झाले तर तो चांगला. अशा एका ब्रशने पान रंगवता येते आणि त्याच्या शिरेची बारीक रेघही ओढता येते. आज कृत्रिम धाग्यांचे ब्रश चांगले निघतात आणि मुलांच्या हाताळणीत ते प्राण्यांच्या केसांपेक्षा जास्त टिकतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश मात्र घरात येऊच नयेत. मुंगूस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.

ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा सोडला की त्याचे केस वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. काम झाल्यावर तो धुवायचा, बोटांनी टोक जुळवायचे आणि आडवा वाळवायचा. पाच वर्षांचे मूल हे शिकू शकते. साहित्य चांगले असले की ते जपण्याची सवयही लागते.

सुरक्षितता

मुलांसाठीचा रंग आधी निर्धोक हवा, त्यानंतर उत्तम. चित्रकारांसाठीच्या उंची ट्यूबांत कॅडमियम, कोबाल्ट यांसारख्या धातूंची संयुगे असू शकतात. लहान मूल बोट तोंडात घालते, ब्रशचे टोक ओठांनी जुळवते. त्यामुळे उत्साहाच्या भरात असा उंची रंग मुलाला देणे चूक ठरते. त्याच नावाच्या, पण धातूविरहित पर्यायी रंगद्रव्याच्या ट्यूबांवर ‘ह्यू’ असा शब्द असतो. विद्यार्थी श्रेणीतले असे रंग मुलांना योग्य आहेत.

खोक्यावर वयोगट, घटक आणि सुरक्षितता मानक छापलेले असावे. भारतात खेळण्यांसाठी आयएस ९८७३ हे मानक आहे आणि त्याचा एक स्वतंत्र भाग बोटांनी लावायच्या रंगांसाठी आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. युरोपचे ईएन ७१ मानक रंगांतून सुटणाऱ्या जड धातूंवर मर्यादा घालते, तेही भारतीय खोक्यांवर दिसते. सुट्या, बिननावाच्या पुडीतले रंग, रांगोळीचे भडक रंग आणि होळीचा गुलाल चित्रासाठी वापरू नयेत.

भिंतीच्या रंगाचा उरलेला डबाही मुलांना देऊ नये. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा कमी असावे, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या डब्यांत शिसे बरेच जास्त असू शकते, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे आणि त्याची सुरक्षित अशी पातळी नाही. तीव्र वासाचे मार्कर आणि टर्पेंटाइन लागणारे तैलरंगही लहान वयात टाळावेत.

वयानुसार निवड

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मधील ग्रंथात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. दोन ते चार ही वर्षे रेघोट्यांची. या वयात जाड मेणखडू, बोटांनी लावायचे रंग आणि जमिनीवर पसरलेला मोठा कागद द्यावा. चार ते सात या वयात रेघोट्यांतून माणूस, सूर्य, घर उगवते. आता ऑइल पेस्टल, पोस्टर कलर आणि चपटा ब्रश द्यावा. सात ते नऊ या वयात चित्रात जमिनीची रेघ येते आणि वस्तूंना ठरावीक आकार मिळतात. या टप्प्यावर आठ रंगांची जलरंग पेटी आणि गोल ब्रश घरात यावा.

नऊ ते बारा हे वय नाजूक असते. मुलाला वस्तू हुबेहूब काढायची असते, हात तेवढा तयार नसतो आणि बरीच मुले इथेच चित्र सोडतात. या टप्प्यावर साहित्याचा दर्जा सर्वांत निर्णायक ठरतो. २बी आणि ४बी पेन्सिली, न फाटणारा कागद, स्वच्छ मिसळणारे जलरंग आणि शाईसाठी बोरू दिला तर हुबेहूबपणाखेरीज पोत, छाया, रेघ असे इतर आनंदही मुलाला सापडतात.

जागा आणि हवामान

चांगले साहित्य कपाटात कुलूपबंद असेल तर ते नसल्यासारखेच. क्वार्टरच्या व्हरांड्यात किंवा खिडकीजवळ एक नेहमीची जागा ठरवावी. खाली जुनी चादर, दोन पाण्याची भांडी, रंग मिसळायला पांढरी चिनी मातीची बशी आणि पुसायला सुती फडके एवढी तयारी पुरते. एका भांड्यात ब्रश धुवावा आणि दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंगात घालावे, म्हणजे पिवळा मळत नाही.

भिलाईच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मेणखडू आणि ऑइल पेस्टल तेव्हा मऊ होऊन खोक्याला चिकटतात, म्हणून ते खोलीच्या थंड कोपऱ्यात ठेवावेत. पोस्टर कलरची बाटली उघडी राहिली तर रंग सुकून तडकतो. वापरल्यावर वर थोडे पाणी घालून झाकण घट्ट लावावे. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि त्यावर बुरशीचे ठिपके पडतात. ताव प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सपाट ठेवावेत.

मातीतले साहित्य

विकतच्या रंगांना जोड देणारे साहित्य छत्तीसगडच्या मातीतच आहे. घराच्या भिंती पांढऱ्या छुही मातीने पोतारण्याची इथे जुनी रीत आहे. सरगुजा भागातील पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांनी याच मातीतून स्वतःचे जग उभे केले. घराबाहेर पडण्याची मुभा नसलेल्या एकाकी वर्षांत त्यांनी मुलाला खेळण्यासाठी मातीची चित्रे आणि पाखरे घडवली, बांबूच्या जाळ्यांनी घर सजवले आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून रंग केले. पुढे १९८३ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

घरीही हे रंग करता येतात. गेरूची पूड बारीक फडक्यातून गाळून डिंकाच्या पाण्यात खलली की टिकाऊ तपकिरी रंग होतो. वसंतात पळसाची फुले उकळून केशरी पाणी मिळते. हळदीच्या पिवळ्यावर चुन्याच्या निवळीचा हात फिरवला की तो लाल होतो. चुन्याचे हे काम मोठ्यांनी करावे. गेरू मात्र पूजेच्या सामानाच्या दुकानातला घ्यावा. कारखान्याच्या किंवा रस्त्याच्या कडेची लाल धूळ यासाठी नाही. दुर्गजवळच्या थनौद गावात मूर्तिकारांची वस्ती आहे. अशा कारागिरांकडची चाळलेली माती मुलांना घडवायला सर्वांत चांगली. पोळ्याचा सण विदर्भातून आलेल्या घरांत आणि छत्तीसगढी घरांत सारखाच जिवाभावाचा आहे. इकडचा ‘पोरा’ मातीच्या बैलांचा, तिकडचा तान्हा पोळा लाकडी बैलांचा. मुलाने स्वतः घडवून, उन्हात पूर्ण वाळवून, पोस्टर कलरने रंगवलेला बैल दोन्ही परंपरांत शोभतो.

मोठ्यांचे काम

साहित्य दिल्यानंतर मोठ्यांनी चित्रात हात घालू नये. डोंगर, त्यामागचा सूर्य, नदी आणि झोपडी हे साचेबद्ध दृश्य काढून देणे, बाह्यरेषा छापलेली रंगवही पुढे सरकवणे, झाडाचा निळा बुंधा दुरुस्त करायला लावणे, या तिन्ही गोष्टी चांगल्या साहित्याचा उपयोग संपवतात. "हे काय आहे?" या प्रश्नाऐवजी "हा रंग कसा केलास?" असे विचारावे. त्याचे उत्तर मुलाजवळ असते आणि ते सांगताना त्याला आपली कृती पुन्हा आठवते.

चित्रावर तारीख आणि वय घालून ते एका फाइलमध्ये सपाट ठेवावे. वर्षाने ती चित्रे ओळीने मांडली की मुलाला स्वतःची प्रगती दुसऱ्याशी तुलना न करता दिसते. निवडक चित्रे मासिकांकडे पाठवावीत. भोपाळच्या एकलव्य संस्थेचे ‘चकमक’ हे हिंदी मासिक १९८५ पासून मुलांची चित्रे छापत आले आहे.

खरेदीचा क्रमही असाच सोपा ठेवावा. आधी १५० जीएसएमचे कार्ट्रिज ताव आणि चांगले ऑइल पेस्टल, मग टोक धरणारा गोल ब्रश, मग आठ जलरंग आणि त्यांच्यासाठी जाड कागद. यातली प्रत्येक वस्तू आधीची वापरली जाऊ लागल्यावरच आणावी. संपलेला रंग तेवढाच सुटा आणून द्यावा, पूर्ण खोके नव्हे. कोणता रंग आधी संपतो हे पाहिले की मूल काय शोधते आहे ते कळते, आणि पुढची खरेदी त्यावरून ठरवता येते.